लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ऊर्फ लिओ फेंडर (१० ऑगस्ट १९०९, ॲनाहाइम, कॅलिफोर्निया – २१ मार्च १९९१, फुलरटन, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन वाद्यनिर्माते व संशोधक होते. टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर या विद्युत गिटारी आणि प्रिसिजन बेस ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध वाद्ये होत. स्वतः फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे.

बालपणीच त्यांनी एक डोळा गमावला. त्यांचे शिक्षण हिशेबशास्त्राचे होते. रेडिओचे तंत्र मात्र ते स्वतःच शिकले. १९३८ मध्ये त्यांनी फुलरटन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. तेथे ध्वनिवर्धक दुरुस्तीसाठी येणाऱ्या वादकांमुळे ते वाद्यांकडे वळले व १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने कारखाना सुरू केला.

वाद्य झटपट तयार व्हावे आणि सहज दुरुस्त करता यावे, ही त्यांची दृष्टी कारागिरापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याची होती. जुन्या पद्धतीत गिटारची दांडी सरसाने जोडत. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसवली. त्यामुळे खराब झालेली दांडी काढून दुसरी लावता येई. सुटे भाग आधीच करून ठेवलेले असत व हाताला येईल तो वापरला जाई. म्हणूनच त्या काळातील एकाच गिटारच्या दांडीवर व धडावर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा पुष्कळदा वेगळ्या आढळतात. केवळ अनुक्रमांकावरूनही वाद्याचे वर्ष निश्चित ठरवता येत नाही.

काही वैचित्र्ये अपघाताने आली. १९५० मधील ब्रॉडकास्टर या गिटारच्या नावाशी ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव जुळत असल्याने तिने हरकत घेतली. फेंडर यांच्या कारखान्याने शिल्लक नामपट्ट्या वाया न घालवता त्यांतील तेवढा शब्द कापून टाकला. १९५१ मधील या बिननावाच्या गिटारींना संग्राहक पुढे 'नोकास्टर' म्हणू लागले व काटकसरीची ही खूण मौल्यवान ठरली. त्याच वर्षी गिटारला टेलिकास्टर हे नाव मिळाले. तिला दोन पिकअप होते. तरीही १९५२ पासून १९६७ पर्यंतच्या मूळ जोडणीत दोन्ही एकाच वेळी वाजवण्याची सोय नव्हती.

१९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप व तीन स्थानांची कळ होती. वादकांनी ही कळ दोन स्थानांच्या मध्ये अडकवून पोकळ, काहीसा नाकातला नाद शोधून काढला. कारखान्याने पाच स्थानांची कळ बसवली ती १९७७ मध्ये. या गिटारचे धड प्रारंभी ॲश लाकडाचे असे, १९५६ पासून मुख्यतः आल्डरचे. मेपलची बोटपट्टी वापराने मळकट दिसे, म्हणून १९५९ मध्ये तिच्यावर शिसवीची पट्टी आली. ती आरंभी जाड व तळाशी सपाट होती; १९६२ मध्ये पातळ व वक्र झाली. वाद्याचा काळ ओळखताना जाणकार हा फरक आवर्जून पाहतात.

प्रकृती खालावल्याने फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याच वर्षाच्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीचा माथा मोठा झाला. विक्रीपूर्वीच्या गिटारींना बाजारात आजही वेगळा भाव आहे, जरी संक्रमणकाळात जुनेच भाग वापरले गेल्याने ही सीमारेषा तितकी काटेकोर नाही.

पुढे प्रकृती सुधारल्यावर त्यांनी म्युझिक मॅन व नंतर जी अँड एल या कंपन्यांसाठी नवी वाद्ये घडवली. पार्किन्सनचा आजार जडल्यावरही त्यांचे काम अखेरपर्यंत सुरू होते. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.