सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (जन्म : हैदराबाद, १७ ऑगस्ट १९०९, मृत्यू : ११ जून १९६३) हे भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक आणि पेशाने शाळाशिक्षक होते. खेळाडूंमध्ये ते रहीमसाहेब या नावाने ओळखले जात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. आखूड व अचूक पास, पास दिल्यानंतर लगेच जागा बदलणे आणि दोन्ही पायांनी सारखेच खेळणे, या तीन गोष्टींवर त्यांच्या शिकवणीचा भर होता. त्या अंगवळणी पडाव्यात म्हणून त्यांनी योजलेल्या वेगळ्या नियमांच्या स्पर्धा हा भारतीय क्रीडाप्रशिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रयोग मानावा लागतो.

शिक्षण व शिक्षकी पेशा

रहीम यांचा जन्म निजामाच्या राजवटीतील हैदराबादमध्ये झाला. आजचा मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात ते खेळत असत. पदवीनंतर त्यांनी शहरातील शाळांत शिक्षक म्हणून काम केले. पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर शाळेतील खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

खेळाडू म्हणून त्यांचे नाव फारसे गाजले नाही. नामवंत खेळाडूच उत्तम प्रशिक्षक होतो या समजुतीला त्यांचे आयुष्य हा अपवाद आहे. त्यांची खरी तयारी झाली ती वर्गात आणि शाळेच्या मैदानावर. विद्यार्थी कोठे अडतो, एकच चूक पुनःपुन्हा का करतो आणि सांगून न समजलेली गोष्ट त्याच्याकडून करवून कशी घ्यावी, हे त्यांनी तेथे पाहिले. १९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. त्यामुळे शहरातील स्पर्धांची आखणी त्यांच्या हाती आली आणि शाळेत उमगलेल्या गोष्टी साऱ्या शहरावर करून पाहणे शक्य झाले.

हैदराबाद सिटी पोलीस संघ

१९५० मध्ये रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या प्रशिक्षणाची सूत्रे घेतली आणि मृत्यूपर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. स्वातंत्र्यानंतर प्रथमच भरलेल्या १९५० च्या ड्युरँड करंडकात या संघाने अंतिम फेरीत मोहन बागानला हरवले. कलकत्त्याच्या बड्या क्लबांना दक्षिणेतील एका पोलीस संघाने दिलेला हा धक्का मोठा होता.

मुंबईच्या फुटबॉल रसिकांना हा संघ परिचित झाला तो रोव्हर्स करंडकामुळे. कूपरेज मैदानावर होणारी ही स्पर्धा हैदराबादच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. संतोष करंडकाच्या राष्ट्रीय स्पर्धेतही मुंबईला त्यांच्या शहराचा खेळ जवळून पाहावा लागला. १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही हंगामांत हैदराबादने अंतिम सामन्यात मुंबईलाच पराभूत केले.

प्रशिक्षण पद्धती

त्या काळी भारतात फुटबॉल साधारणतः दोन प्रकारे खेळला जाई. ब्रिटिश लष्करी संघांकडून आलेल्या पद्धतीत चेंडू लांब फटकावून त्यामागे धावत. दुसरी रीत देशी होती. त्यात अनवाणी खेळाडू चेंडू पायाशी खेळवत, एकापाठोपाठ एक गड्यांना चकवत पुढे जात. या कौशल्याला ड्रिब्लिंग म्हणतात. प्रेक्षकांना ते अतिशय प्रिय होते आणि आजही आहे. परंतु त्यात दहा सहकारी बघ्याच्या भूमिकेत जातात, आणि चेंडूवाला अडला की सारा संघच अडतो. या दोन्ही रीतींपेक्षा वेगळा, चेंडू एकमेकांकडे सोपवत राखण्याचा खेळ रहीम यांना हवा होता.

त्यासाठी त्यांनी ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू मिळताच तो सहकाऱ्याला देणे भाग पडे. वरवर पाहता हा नियम चेंडू असलेल्या खेळाडूसाठी आहे. प्रत्यक्षात त्यातून अधिक शिकतो तो चेंडू नसलेला खेळाडू. तो प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा राहिला, तर त्याच्यापर्यंत पास पोहोचूच शकत नाही. म्हणून त्याला दोन पावले बाजूला सरकून सहकाऱ्याच्या नजरेत यावे लागते. चेंडू आल्यावर विचार करायला वेळ नसतो, तेव्हा तो येण्यापूर्वीच मान वळवून पुढचा पास कोठे द्यायचा ते पाहून ठेवावे लागते. आणि ज्याने पास दिला, तोही जागीच थांबला तर पुढच्याचा एक मार्ग बंद होतो. त्यामुळे त्यालाही हलावे लागते. अशा रीतीने तिघा खेळाडूंचा त्रिकोण सतत मोडत आणि नव्याने जुळत राहतो. हे सारे फळ्यावर आकृती काढून समजावता येते, पण पायांत उतरत नाही. योग्य रीतीवाचून सुटणारच नाही असे उदाहरण घालणाऱ्या गणिताच्या शिक्षकाची युक्ती रहीम यांनी मैदानावर वापरली.

दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धांत फक्त कमकुवत पायाने खेळण्याची मुभा असे. बहुतेकांचा उजवा पाय सरस असतो. चेंडू डावीकडे आला की तो उजव्या पायावर घेण्यात एक क्षण जातो, आणि तेवढ्यात बचावपटू येऊन ठेपतो. दोन्ही पाय तयार असलेल्याला हा क्षण वाचवता येतो आणि तो पहिल्याच स्पर्शात पास देऊ शकतो. अशा स्पर्धेत आरंभी नामवंत खेळाडूही नवशिक्यासारखे दिसले असतील, यात नवल नाही.

आजच्या फुटबॉल प्रशिक्षणात छोट्या जागेत, थोड्या खेळाडूंसह चेंडू राखण्याच्या सरावाला मध्यवर्ती स्थान आहे. रोंदो या स्पॅनिश नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरावात कडेचे चार-पाच खेळाडू चेंडू आपसांत फिरवतात आणि मधले एक-दोघे तो हिसकावू पाहतात. योहान क्रायफ यांच्या काळापासून बार्सिलोना क्लबची ती ओळखच झाली. रहीम यांच्या स्पर्धा आणि हे सराव एकच होत, असे म्हणता येणार नाही. मात्र एखादी सवय लावण्यासाठी उपदेश न करता खेळाचा नियमच बदलावा, हे तत्त्व दोहोंत समान आहे. तसेच, ही मनाई शिकण्यापुरती होती हेही ध्यानात ठेवले पाहिजे. चुनी गोस्वामी यांच्यासारखा निष्णात ड्रिब्लिंग करणारा खेळाडू रहीम यांच्या संघाचा कर्णधार होता, आणि त्याच्या कलेला त्यांनी सामन्यात आवर घातला नाही.

जागतिक घडामोडींवरही रहीम यांचे लक्ष असे. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे हरवले. त्या संघाचा मधला आघाडीपटू हिदेगकुटी पुढे न थांबता मागे सरकून खेळत असे, आणि त्याच्यामागे कोणी जावे हे इंग्लंडच्या बचावपटूंना कळेना. मागे सरकणाऱ्या आघाडीपटूची ही कल्पना रहीम यांनी आपल्या संघात आणली. चार बचावपटू, दोन मध्यरक्षक व चार आघाडीपटू ही रचना ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात लोकप्रिय केली. रहीम त्याच्या आधीपासून त्या दिशेने प्रयोग करत होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

ऑलिंपिक

१९५१ मध्ये नवी दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाकडून भारताला १-१० असा पराभव पत्करावा लागला. तेथील थंडीत भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट अनिवार्य झाले.

चार वर्षांनी मेलबर्नमध्ये चित्र पालटले. हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. तेथे १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे नमवले. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसूझा यांनीच केला, परंतु अखेर भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. या संघात हैदराबादच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता; मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण हेही त्यात होते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत गटातून पुढे गेला नाही. तरीही फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी आणि बलाढ्य हंगेरीकडून केवळ १-२ असा पराभव, हे निकाल हेलसिंकीनंतर अवघ्या आठ वर्षांतले आहेत. फ्रान्सविरुद्धचा गोल कर्णधार पी. के. बॅनर्जी यांचा होता.

जकार्ता, १९६२

जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या वेळी रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. सुरुवातही चांगली झाली नाही. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पाठोपाठ भारताने थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळवले, पण थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला इजा होऊन टाके पडले.

रहीम यांनी येथे घेतलेला निर्णय धाडसाचा होता. जर्नैलसिंग यांना विश्रांती न देता त्यांनी आघाडीवर खेळवले. जर्नैलसिंग तरुणपणी आघाडीला खेळलेले होते, हे रहीम यांना ठाऊक होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत ३-२ असा जिंकला आणि त्यातील एक गोल जर्नैलसिंग यांचा होता. जखमी खेळाडूला अशा प्रकारे उतरवणे आजच्या वैद्यकीय निकषांवर मान्य होणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी वगळल्यावर भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. त्याचा राग स्थानिक लोकांनी भारतीय पथकावर काढला आणि खचाखच भरलेले स्टेडियम भारताच्या विरोधात गेले. सामन्याआधी रहीम यांनी खेळाडूंकडे आपल्यासाठी सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत. पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी प्रत्येकी एक गोल केला. कोरियाला एकच गोल फेडता आला, तोही सामना संपत आला असताना. मध्यफळीत गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको, आघाडीला बॅनर्जी, गोस्वामी आणि तुलसीदास बलराम हे त्या दिवशी खेळले. यांपैकी बलराम सिकंदराबादजवळच्या एका गरीब घरातून आलेले. सरावाला येण्यासाठी त्यांच्याकडे पैसे नसत, तेव्हा रहीम यांनी त्यांच्यासाठी सायकलीची सोय केल्याची आठवण सांगितली जाते.

मृत्यू व त्यानंतर

जकार्ताहून परतल्यावर रहीम यांचा आजार बळावला आणि ११ जून १९६३ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात होते आणि पुढे तेही प्रशिक्षक झाले.

१९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्या संघाच्या प्रशिक्षकांत रहीम यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी होते, तर कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे हैदराबादचे होते. त्यानंतर आशियाई स्पर्धेच्या फुटबॉलमध्ये भारताला पदक मिळालेले नाही. हैदराबादच्या फुटबॉललाही उतरती कळा लागली. ज्या सचिवाने मुलांच्या स्पर्धांपासून राष्ट्रीय संघापर्यंतची साखळी एकट्याने बांधली होती, त्याच्यामागे ती चालवणारी व्यवस्था उभी राहिली नव्हती. आंध्र प्रदेशाने संतोष करंडक शेवटचा जिंकला तो १९६५ मध्ये.

रहीम यांच्या जीवनावर आधारित मैदान हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अमित शर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अजय देवगण यांनी रहीम यांची भूमिका केली आहे. त्यातील सामन्यांचे निकाल खरे असले, तरी अनेक प्रसंग नाट्यासाठी रचलेले आहेत. वेगळ्या नियमांच्या त्या शालेय स्पर्धांपेक्षा चित्रपटाचा भर आंतरराष्ट्रीय सामन्यांवर आहे.