कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : जागा आणि तिचे मोल

पालघर, बोईसर, तारापूर या टापूतील आपल्या ज्ञातिबांधवांस जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न नवा नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरास औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि अलीकडे रेल्वेचे नवे मार्गही याच जिल्ह्यातून आखले गेले. दर वेळी कोणाच्या तरी वाडीत वा शेतात मोजणीदार येऊन उभे राहिले. म्हणूनच, शहराच्या वाढीपुढे ज्यांना आपली जागा सोडावी लागली, अशा एका उद्योगी पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष निघाला. रंग सुटले, तरी रेषा सुटली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा या मानी पुरुषाने नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते.

दुकानापाठोपाठ लहानसा कारखाना आला. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तेथे तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. एवढ्या चिकाटीने धंद्याची घडी बसते न बसते, तोच बेळगाव नगरपालिकेचे निर्बंध आड आले आणि कारखाना हलविणे भाग पडले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या काळी १८९४ चा भूसंपादन कायदा जारी होता. जमिनीचा बाजारभाव आणि त्यावर शेकडा १५ अधिक, असा त्याचा हिशेब होता; १९८४ साली हे शेकडा १५ चे ३० झाले. धंद्याची जागा बदलण्याचा वाजवी खर्चही कायद्याने मान्य केला होता. परंतु पांगलेले कारागीर, तुटलेली गिऱ्हाइके आणि बुडालेले दिवस यांचा भाव कोणत्या दप्तरात लिहिलेला असतो? शहराला वाढण्यास जागा हवी, हे खरे. परंतु मालकाला पुन्हा उभे राहता येईल, तेव्हाच ती किंमत वाजवी म्हणावी.

लक्ष्मणरावांना हे उभे राहणे औंधच्या अधिपतींमुळे साधले. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळील माळ आणि कर्जाऊ भांडवल दिले. जमीन सुमारे ३२ एकर. निवडुंगाने भरलेली, सापांनी गजबजलेली. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी राखणदारीचे विश्वासाचे काम दिले. पुढे त्याच माळावर पंप व अन्य यंत्रे घडू लागली, कामगारांची नीटनेटकी वसाहत झाली आणि १९२० साली 'किर्लोस्कर' मासिकही निघाले. बेळगावाने जे गमावले, ते औंध संस्थानाने जोपासले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. परंतु किर्लोस्करवाडीचे नाव आजही सांगली जिल्ह्याच्या नकाशावर आहे.

२०१३ च्या कायद्याने खेड्यातील जमिनीस बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आणि पुनर्वसनाचा विचार घातला आहे. तथापि कायदा हक्क देतो. तो मागावा लागतो आपल्यालाच. आमची कुटुंबप्रमुखांस विनंती आहे, की सातबारा व वारसांच्या नोंदी वेळीच पुऱ्या कराव्यात. विहीर, झाडे, घर आणि चालता धंदा यांची यादी मोजणीच्या वेळीच लिहवून घ्यावी. रक्कम कमी वाटल्यास लेखी हरकत नोंदवून ती घ्यावी आणि मुदतीत दाद मागावी. आलेला पैसा लग्नकार्यात न उडविता नव्या जमिनीत, मुलांच्या शिक्षणात वा एखाद्या उद्योगात घालावा.

जागा गेली, तरी उद्योग जाऊ देऊ नये, हा लक्ष्मणरावांच्या चरित्राचा बोध आमच्या तरुण पिढीने ध्यानी धरावा, एवढीच इच्छा.