क्लास, ऑब्जेक्ट आणि क्रिस्टन निगार्ड

मांडवा जेट्टीवर रो-रो बोटीसाठी लागलेली कार, दुचाकींची रांग रायगडकरांच्या ओळखीची आहे. अशाच एका रांगेच्या विचारातून आजच्या प्रोग्रॅमिंगची एक मोठी कल्पना पुढे आली. तिचे एक जनक क्रिस्टन निगार्ड.

निगार्ड यांचा जन्म १९२६चा, ऑस्लोचा. १९६०मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. तिथे ओले-योहान दाल यांच्यासोबत त्यांनी ‘सिम्युला’ भाषा घडवली. टोलनाक्यावरचे ट्रक आणि बस संगणकात कसे मांडायचे, हा त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता. दोन्हींत बरेच काही समान. मग तेच दोनदा का लिहायचे?

उत्तर ‘सिम्युला ६७’मध्ये मिळाले. ‘वाहन’ हा क्लास, म्हणजे साचा. त्यात क्रमांक ही माहिती आणि पुढे सरकणे ही कृती, म्हणजे मेथड. रांगेतली प्रत्येक गाडी हा ऑब्जेक्ट. ट्रक आणि बस ‘वाहना’चे गुण वारशाने घेतात, हे इनहेरिटन्स. ट्रकला वजनाची, बसला प्रवासीसंख्येची भर तेवढी घालायची.

मात्र हेच तंत्र कारखान्यात कामगारांचा कामावरचा ताबा हिरावू शकते, हे निगार्ड यांनी ओळखले. सत्तरच्या दशकात ते धातू कामगारांच्या संघटनेसोबत उभे राहिले. नव्या यंत्रणेबाबत कामगारांचे मत घेण्याचे करार नॉर्वेत झाले.

दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००२मध्ये जूनअखेर दाल आणि ऑगस्टमध्ये निगार्ड गेले. सी++ आणि जावामधला ‘क्लास’ मात्र त्यांचाच वारसा आहे.