डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

एटीपी आणि फॉलिक ॲसिड ही नावे पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित झाली. त्यांच्याशी निगडित असलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव मात्र उपेक्षितच राहिले. १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. स्प्रू या आतड्याच्या विकाराने भावाचा बळी घेतला आणि त्यावरील उपायाचा ध्यास त्यांनी घेतला. मद्रास मेडिकल कॉलेजात खादी वापरल्याने इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवला व एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पदवीवर समाधान मानावे लागले.

पुढे बोस्टनच्या रुग्णालयात हलकी कामे करीत त्यांनी हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले. सायरस फिस्के यांच्यासमवेत १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी त्यांनी स्नायूंतून वेगळे केले. तरीही हार्वर्डने कायम पद नाकारले. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखालील चमूने १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले आणि स्प्रूवर औषध मिळाले.

शरीरात फॉलिक ॲसिडपासून एक सहविकर डीएनएच्या घटकांसाठी कार्बनचे अणू पुरवतो. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना त्याची गरज सर्वाधिक. ल्युकेमियाच्या पेशीही त्यावरच पोसतात, हे ध्यानी घेऊन डॉ. सिडनी फार्बर यांनी सुब्बारावांच्या चमूने बनवलेले फॉलिक ॲसिडविरोधी ॲमिनोप्टेरिन बालरुग्णांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी नोंदवलेल्या सोळापैकी दहा मुलांत रोग काही काळ ओसरला. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज संधिवातातही वापरले जाते.

प्रतिकारशक्तीतील टी-पेशींशी या जीवनसत्त्वाचे नाते त्यानंतर कित्येक दशकांनी उलगडले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी फॉलिक ॲसिडच्या अभावी घडतात खऱ्या. परंतु पेशीमृत्यू रोखणारी प्रथिने कमी पडल्याने तग धरत नाहीत, असे २०१२ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत आढळले. अशा उंदरांच्या आतड्यात या पेशी घटल्या आणि दाहाचा धोका वाढला. ज्या आतड्याच्या व्याधीपासून सुब्बारावांचा शोध सुरू झाला, तेथेच त्याचा हा नवा अर्थ लागला.

हत्तीरोगावरील हेट्राझान आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही त्यांच्याच विभागातून पुढे आले. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. नोबेल त्यांना लाभले नाही. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.