धनंजय रामचंद्र गाडगीळ
धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल, १९०१ – ३ मे, १९७१) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, नियोजनतज्ज्ञ व सहकारी चळवळीचे एक प्रमुख विचारवंत होते. प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या सामाजिक-आर्थिक संशोधनाची परंपरा महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

केंब्रिज विद्यापीठातील त्यांचा प्रबंध भारताच्या औद्योगिक विकासावरील ग्रंथ म्हणून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्षे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० मध्ये ते पुण्याच्या नव्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले.

पाहणी-संशोधन

सरकारी आकडेवारी प्रशासनाच्या सोयीसाठी गोळा होते. कुटुंबाचे उत्पन्न, कर्ज वा रोजगार तिच्यातून पुरता कळत नाही. म्हणून संस्थेने स्वतःच्या पाहण्या हाती घेतल्या. पुणे शहराची पाहणी नमुना पद्धतीने झाली व तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रकाशित झाले. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाचा अहवाल त्याआधीच, १९४० मध्ये निघाला होता.

पद्धतीच्या दृष्टीने यांहून महत्त्वाची ठरते ती गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी (१९४८). हे कालवे मुख्यतः अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दुष्काळी पट्ट्याला पाणी देतात. पाणीपट्टीतून भांडवलावर किती व्याज सुटते, एवढ्यावरच पाटबंधाऱ्यांचे यश मोजण्याचा सरकारी रिवाज होता. गाडगीळांनी पिकांतील वाढीबरोबर मजुरी, व्यापार व प्रक्रिया उद्योग यांना होणारा अप्रत्यक्ष लाभही हिशेबात घेतला आणि त्यासाठी बागायती क्षेत्राची तुलना जिरायती क्षेत्राशी केली. अशा तुलनेत एक अडचण असतेच: दोन्हीकडची जमीन, बाजारपेठ व लोकवस्ती मुळात सारखी नसेल, तर सगळा फरक पाण्याच्या खाती टाकता येत नाही. तरीही पुढील प्रकल्प-मूल्यमापनाला या अहवालाने पाया दिला. संस्थेतील सोवनी व रथ यांनी हिराकूड धरणाच्या लाभांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला.

सहकार व नियोजन

याच प्रवरा कालव्याच्या परिसरात, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. अभ्यासाचा प्रदेश संशोधकाच्या कार्याचा प्रदेश व्हावा, असे क्वचितच घडते.

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शन समितीचेही ते सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांच्या या पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते पद सोडून पुण्यास परतत असताना रेल्वेप्रवासात त्यांचे निधन झाले.