मान्यताप्राप्त विरोधाची शोकांतिका

विरोधी पक्ष संपविण्याचे दोन मार्ग एकपक्षीय राजवटीला मोकळे असतात. एक, त्याच्यावर बंदी घालणे. दुसरा, पक्ष राहू देऊन त्यातला विरोध तेवढा काढून घेणे. चीनमधील उदारमतवादी विचारवंत लुओ लोंगजी यांना एकाच आयुष्यात या दोन्ही मार्गांचा अनुभव घ्यावा लागला.

जियांग्सी प्रांतात १८९६ साली जन्मलेले लुओ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकले आणि कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्ययन केले, त्याच या दोन संस्था. सत्ता कोणाचीही असो, तिला कायद्याची वेसण हवी, ही निष्ठा घेऊन ते मायदेशी परतले.

तेथे तेव्हा चिआंग कै-शेक यांच्या कुओमिन्तांगची राजवट होती. जनता लोकशाहीला पात्र होईपर्यंत पक्षानेच तिचे पालकत्व करावे, असा त्या पक्षाचा सिद्धांत. १९२९ मध्ये हू शी यांच्यासमवेत लुओ यांनी त्याविरुद्ध मानवी हक्कांचा पुरस्कार करणारे लेख लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. १९४१ मध्ये मध्यममार्गी गटांची जी आघाडी उभी राहिली, ती पुढे 'चिनी लोकशाही लीग' म्हणून प्रसिद्धीस आली. प्राध्यापक, वकील, संपादक हे तिचे बळ; सैन्य तिच्यापाशी नव्हते. ऑक्टोबर १९४७ मध्ये कुओमिन्तांगने तिला बेकायदा ठरविले. शांघायमध्ये पहाऱ्यात असलेले लुओ मे १९४९ मध्ये सुटले, ते कम्युनिस्टांच्या साहाय्याने.

नव्या राजवटीने लीगवर बंदी घातली नाही. उलट अशा आठ लहान पक्षांना मान्यता दिली; अट एकच, नेतृत्व कम्युनिस्ट पक्षाचे मानावयाचे. संयुक्त शासनाच्या आशेने लुओ यांनी ती अट स्वीकारली. १९५६ मध्ये ते वनोद्योग खात्याचे मंत्रीही झाले.

१९५७ च्या वसंतात माओंनी पक्षावर टीका करण्याचे जाहीर आवाहन केले. २२ मे रोजी लुओ यांनी एक सूचना मांडली. मागील मोहिमांत ज्यांच्यावर अन्याय झाला असेल, त्यांच्या प्रकरणांची तपासणी करण्यासाठी सत्ताधारी पक्ष, लोकशाहीवादी पक्ष व अन्य प्रतिनिधी यांची समिती नेमावी, एवढेच तिचे स्वरूप. तीत सत्तांतराची मागणी नव्हती. परंतु आरोपीने स्वतःच न्यायासनावर बसू नये, हे तत्त्व तीत अनुस्यूत होते आणि एकपक्षीय सत्तेला नेमके तेच असह्य असते.

जूनमध्ये वारे फिरले. १ जुलै रोजी पक्षाच्या मुखपत्राने लुओ आणि लीगचे दुसरे नेते झांग बोजुन यांच्या कारस्थानी युतीचा निषेध केला. वस्तुतः लुओ हे अहंमन्य आणि भांडखोर गृहस्थ; झांग यांच्याशी त्यांचे हाडवैर सर्वांना ठाऊक होते. तरीही आरोप सिद्ध मानला गेला. आणि निषेधाच्या सभांत लीगमधीलच सहकारी पुढे होते! १९५८ च्या प्रारंभी लुओ यांचे मंत्रिपद गेले. त्या मोहिमेत सुमारे साडेपाच लक्ष लोकांवर 'उजवे' असा शिक्का बसला. डिसेंबर १९६५ मध्ये लुओ पेकिंगमध्ये एकाकी अवस्थेत निधन पावले.

माओंनंतर जवळजवळ सर्वांवरील तो निर्णय चुकीचा ठरविण्यात आला. १९८० मध्ये मात्र राष्ट्रीय पातळीवरील पाच नावे त्यातून वगळली गेली. त्यांत लुओ आणि झांग होते. कारण उघड आहे. हे पाचही निरपराध ठरते, तर मोहिमेलाच आधार उरला नसता. १९८६ मध्ये लीगने लुओ यांच्या जन्माच्या नव्वदाव्या वर्षानिमित्त सभा घेऊन त्यांचा गौरव केला. निर्णय मात्र कायम राहिला.

लीग आजही अस्तित्वात आहे. तिला सभासद आहेत, कार्यालये आहेत, विधिमंडळात जागा आहेत. कुओमिन्तांगच्या बंदीने जे साधले नाही, ते कम्युनिस्टांच्या मान्यतेने साधले. पक्षांची संख्या मोजून लोकशाहीची परीक्षा करणाऱ्यांनी हे चरित्र ध्यानी घ्यावे. सत्ताधाऱ्याच्या चुकीची चौकशी मागणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर सुरक्षित असतो की नाही, हीच तिची खरी कसोटी होय.