पाम्प्लोना नगरी आणि संत फ्रान्सिस झेवियर

स्पेनच्या उत्तरेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी नवारा नावाचा प्रांत असून पाम्प्लोना ही त्याची राजधानी आहे. दरवर्षी ६ जुलै रोजी दुपारी बारा वाजता तेथील नगरभवनाच्या सज्जातून एक अग्निबाण आकाशात सोडला जातो आणि संत फेर्मिन यांच्या सणास प्रारंभ होतो. हा सण १४ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. ७ तारखेपासून रोज सकाळी आठ वाजता सांतो डोमिंगो नावाच्या चढणीच्या तळाशी असलेल्या गोठ्यातून सहा मोकाट बैल सोडतात. त्यांच्यासोबत वाट दाखविणारे काही माणसाळलेले बैलही असतात. पांढरे कपडे आणि गळ्यात लाल रुमाल अशा वेषातील शेकडो लोक त्यांच्या पुढून धावत सुटतात. अरुंद दगडी गल्ल्यांतून सुमारे साडेआठशे मीटर अंतर कापून बैल क्रीडांगणात पोहोचतात. सारा प्रकार दोन-चार मिनिटांत आटोपतो. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९२६ सालच्या कादंबरीमुळे हा सण जगभर गाजला. लूर्द, फातिमा या तीर्थक्षेत्रांना जाणारे आपल्याकडील एखादे भाविक कुटुंब जुलै महिन्यात पाम्प्लोनाला पोहोचले, तर त्याच्या दृष्टीस प्रथम पडेल ती ही धावपळच.

जामनेर, पाचोरा, भुसावळ या बाजूच्या आपल्या वाचकांना बैलांचा सण नवा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळायचा, सणाच्या दिवशी त्याला न्हाऊ घालून शिंगे रंगवायची, पाठीवर झूल घालायची, पुरणपोळीचा घास द्यायचा आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा आपला परिपाठ. वेशीतले तोरण तुटून पोळा फुटला की बैलांमागे माणसे धावतात, तो आनंद खान्देशात कोणाला सांगावा लागत नाही. पाम्प्लोनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. सकाळी धावलेले बैल त्याच सायंकाळी क्रीडांगणात झुंजीत मारले जातात. माणसांनाही धोका कमी नाही. १९१० पासूनच्या नोंदींनुसार या धावण्यात सोळा जणांना प्राण गमवावे लागले असून त्यांतील शेवटचा मृत्यू २००९ साली झाला. ख्रिस्तसभेला हा प्रकार नेहमीच रुचला होता असे कोणी समजू नये. परमगुरुस्वामी संत पायस पाचवे यांनी १५६७ साली बैलझुंजी भरविणाऱ्या राजेरजवाड्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा ठोठावणारे फर्मान काढले होते. अशा झुंजीत मरण पावलेल्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचेही त्यात नमूद होते. स्पेनच्या राजाच्या विनंतीवरून पुढील परमगुरुस्वामी तेरावे ग्रेगरी यांनी १५७५ साली सामान्य प्रापंचिकांपुरते ते सैल केले. लोकांची हौस फर्मानाला पुरून उरली, असेच म्हणावे लागते.

या सणाचे हृदय मात्र बैलांच्या वाटेवर नाही. ७ जुलै रोजी सकाळी संत लॉरेन्स चर्चमधील आपल्या कपेलातून संत फेर्मिन यांची मूर्ती मिरवणुकीने बाहेर निघते, तेव्हा सारे शहर रस्त्यावर येते. परंपरा सांगते की, फेर्मिन हे पाम्प्लोनातील एका रोमन अधिकाऱ्याचे पुत्र. बाप्तिस्मा स्वीकारून ते धर्मगुरू झाले, पुढे फ्रान्समधील आमियें येथे महागुरुस्वामी झाले आणि श्रद्धेपायी तेथेच त्यांचा शिरच्छेद झाला. ११८६ साली त्यांचे पवित्र अवशेष आमियेंहून पाम्प्लोनाला आणण्यात आले. त्यांचा सण पूर्वी १० ऑक्टोबरला होत असे. १५९१ पासून तो चांगल्या हवामानासाठी ७ जुलैला होऊ लागला. गळ्यातील लाल रुमाल हा संतांच्या रक्तसाक्षीची खूण आहे असे तेथील लोक सांगतात.

परंतु नवारा प्रांताचे आश्रयदाते संत दोन आहेत. संत फेर्मिन यांच्या बरोबरीने जे दुसरे नाव घेतले जाते, ते आपल्याला अगदी घरचे आहे. ते म्हणजे गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकात ज्यांचा पवित्र देह ठेवलेला आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर.

पाम्प्लोनाहून सुमारे पन्नास किलोमीटरवर झेवियर नावाचा किल्लेवजा वाडा आहे. तेथे ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडील हुआन दे हासो हे बोलोन्या विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले विद्वान असून नवारा राज्याच्या राजमंडळाचे अध्यक्ष होते. आई मारिया दे आस्पिलकुएता यांच्या घराण्याकडून तो वाडा आला होता. घरात बास्क भाषा बोलली जाई. नवारा त्या काळी स्वतंत्र राज्य होते, पण फार दिवस नाही. १५१२ साली फर्दिनांद राजाच्या सैन्याने ते जिंकले, तेव्हा फ्रान्सिस सहा वर्षांचे होते. १५१५ साली वडील वारले. पुढच्याच वर्षी जुन्या राजाच्या बाजूने एक बंड झाले आणि ते फसले. शिक्षा म्हणून झेवियर वाड्याचे बुरूज व तटबंदी पाडण्याचा हुकूम सुटला. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराच्या भिंती उतरविल्या जाताना पाहिल्या.

१५२१ साली फ्रान्सच्या मदतीने पुन्हा प्रयत्न झाला. फ्रान्सिस यांचे थोरले बंधू मिगेल आणि हुआन जुन्या राजाच्या पक्षाकडून लढणाऱ्यांत होते. त्या मोहिमेत पाम्प्लोनाच्या गढीवर तोफा डागल्या गेल्या. आत गढी राखणाऱ्या मोजक्या लोकांत लोयोला घराण्यातील इग्नेशियस नावाचा एक हट्टी सरदारपुत्र होता. २० मे रोजी तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. त्या जखमेतून त्यांचे जे मनःपरिवर्तन झाले, ते सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की, झेवियर घराणे आणि लोयोलाचा हा जखमी योद्धा एकाच शहराच्या तटाच्या दोन विरुद्ध बाजूंना उभे होते. फ्रान्सिस यांचे बंधू पुढेही लढत राहिले आणि १५२४ साली माफी मिळाल्यावरच घरी परतले.

शस्त्राने घराण्याचे वैभव परत येत नाही हे पाहून फ्रान्सिस यांनी विद्येचा मार्ग धरला. १५२५ साली ते पॅरिसला गेले आणि संत बार्ब महाविद्यालयात राहू लागले. सॅव्हॉयचा मेंढपाळ-पुत्र पीटर फेबर त्यांच्याच खोलीत राहत असे. फ्रान्सिस हुशार होते, मैदानी खेळांत तरबेज होते आणि महत्त्वाकांक्षीही होते. त्यांची नजर पाम्प्लोनावर होती. तेथील कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळात कॅननचे पद मिळावे, मान आणि उत्पन्न दोन्ही यावे, भावांच्या पराभवाने गेलेली प्रतिष्ठा भरून निघावी, असा तो हिशेब होता. त्यासाठी त्यांनी आपल्या कुलीनतेचे कायदेशीर दाखले मिळविण्याची खटपट १५३१ साली सुरू केली.

त्यापूर्वीच, १५२९ साली, त्या खोलीत तिसरा विद्यार्थी राहावयास आला होता. तो लंगडत चालत असे आणि वयाने बराच मोठा होता. पाम्प्लोनाची गढी लढविणारे इग्नेशियस ते हेच. याच वर्षी फ्रान्सिस यांच्या मातोश्रींचे निधन झाले. फेबर लवकरच इग्नेशियस यांच्या प्रभावाखाली आले. फ्रान्सिस मात्र बराच काळ त्यांची थट्टा करीत. घराच्या पडलेल्या भिंती आणि भावांचा वनवास ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला शत्रुपक्षाच्या या योद्ध्याबद्दल ओढ वाटावी तरी कशी? इग्नेशियस यांनी वाद घातला नाही. फ्रान्सिस शिकवू लागले तेव्हा त्यांच्या वर्गासाठी विद्यार्थी गोळा केले, पैशांची अडचण आली तेव्हा मदत केली, आणि सारे जग जिंकूनही आत्मा गमावणाऱ्याविषयी प्रभू येशूने विचारलेला प्रश्न पुन्हा पुन्हा त्यांच्या कानी घातला. चार वर्षे लागली. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली, त्यांत तटाच्या दोन बाजूंचे हे दोघेही होते. येशूसंघाचे बीज ते हेच. पुढे पाम्प्लोनातील कॅननपद खरोखरच मिळाले, पण ते पद स्वीकारण्याची इच्छा आता उरली नव्हती.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिसमध्ये फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडील कामासाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा नेमलेले बोबादिया आजारी पडले आणि ऐनवेळी फ्रान्सिस यांना पाठविण्याचे ठरले. १५४० च्या मार्चमध्ये त्यांनी रोम सोडले, ७ एप्रिल १५४१ रोजी, पस्तिसाव्या वाढदिवशी, लिस्बनहून जहाज निघाले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. नवाराचे दर्शन त्यांना पुन्हा कधीच झाले नाही.

पुढील दहा वर्षांचा वृत्तांत आपल्या वाचकांना पाठ आहे. गोव्याच्या रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा, रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करणे, तमिळ किनाऱ्यावरील मोती काढणाऱ्या परवा लोकांत वास्तव्य, मलाक्का, मोलुक्का बेटे. १५४८ साली गव्हर्नर जुआंव दे कास्त्रो यांना भेटण्यासाठी ते वसईलाही आले होते. युरोपातील विद्यापीठांत पांडित्य मिरविणाऱ्यांना जाऊन जाब विचारावा, असे त्यांनी १५४४ साली कोचीनहून लिहिले, तेव्हा त्यांच्या मनात पूर्वीचा पॅरिसमधला स्वतःचाच चेहरा असावा. त्यांचे सारेच निर्णय आज आपण उचलून धरणार नाही. गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी त्यांनी १५४६ साली राजाकडे केली होती. ते न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर १५६० साली आले आणि त्याचा जाच अनेकांना झाला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमध्ये कागोशिमा येथे पोहोचले. चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत ३ डिसेंबर १५५२ रोजी सांशियन बेटावर एका झोपडीत, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १५५४ साली त्यांचा पवित्र देह गोव्यात आणण्यात आला.

१२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. त्याच दिवशी, त्याच विधीत इग्नेशियस यांनाही संतपद लाभले. त्या दिवसाच्या पाच संतांत माद्रिदचे इसिदोर हेही होते. ते दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरणारे साधे शेतमजूर होते. इसिदोर प्रार्थनेत असता देवदूत त्यांचे बैल हाकीत, अशी आख्यायिका आहे. आपल्या शेतकरी बांधवांनी या संताचे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

नवारात मात्र नवा पेच उभा राहिला. प्रांताच्या प्रतिनिधींना फ्रान्सिस झेवियर आश्रयदाते हवे होते, तर पाम्प्लोना नगर आणि तेथील कॅथेड्रल संत फेर्मिन यांना सोडण्यास तयार नव्हते. हा वाद कित्येक वर्षे चालला आणि चांगलाच कडवट झाला. ज्या कॅथेड्रलने त्यांना एकदा आपल्यात बोलाविले होते, तेच आता त्यांच्या विरोधात उभे होते. अखेर १६५७ साली परमगुरुस्वामी सातवे अलेक्झांडर यांनी दोघेही समान दर्जाचे आश्रयदाते असल्याचे जाहीर केले. आज ३ डिसेंबर हा नवारा प्रांताचा दिन म्हणून पाळला जातो.

म्हणून जुलैत पाम्प्लोनाला जाणाऱ्या आपल्या भाविकांनी, बैल पाहून झाल्यावर, एक दिवस राखून झेवियर गावी जावे. मार्च महिन्यात हजारो तरुण हीच वाट पायी चालतात. झेवियर यात्रा या नावाने तिचे आजचे रूप १९४० पासून रूढ झाले. पाडलेले बुरूज अलीकडच्या काळात पुन्हा उभारले आहेत. वाड्यातील कपेलात अक्रोडाच्या लाकडाचा जुना क्रूस आहे आणि त्यावरील मरणासन्न ख्रिस्ताच्या ओठांवर मंद स्मित आहे. जवळच्या धर्मग्राम चर्चमध्ये फ्रान्सिस यांचा बाप्तिस्मा झाला ते दगडी स्नानपात्र अजून जपून ठेवले आहे.